हृदयावरील शस्त्रक्रिया : हात कोणाचा बसतो?

काम करता करता हात बसतो, असे आपण सुताराविषयी म्हणतो, शिंप्याविषयीही म्हणतो. हृदयावरील शस्त्रक्रियेला हे लागू पडते का? पडत असेल, तर हात नेमका कोणाचा बसतो, एकट्या सर्जनचा की सगळ्या रुग्णालयाचा? उत्तर रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. म्हणून ते अंदाजाने देऊन चालत नाही; मोजावे लागते.

अमेरिकेत हॅरॉल्ड लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सुमारे दीड हजार रुग्णालयांची आकडेवारी प्रसिद्ध केली. हृदय उघडून केलेल्या व आणखी काही शस्त्रक्रियांत, वर्षाला २०० किंवा अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांतील मृत्युदर कमी शस्त्रक्रिया करणाऱ्यांपेक्षा २५ ते ४१ टक्क्यांनी कमी होता.

म्हणजे सरावानेच हा फरक पडला का? इथे घाई नको. निकाल आधीपासून चांगले असलेल्या रुग्णालयाकडेच रुग्णांचा ओढा असू शकतो. किंवा लहान रुग्णालयात अधिक गंभीर रुग्ण येत असतील. या दुसऱ्या शंकेवर एक उपाय आहे. रुग्णाचे वय, हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता, इतर आजार यांवरून अपेक्षित मृत्यूंची संख्या काढायची आणि प्रत्यक्ष मृत्यूंशी तिची तुलना करायची. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपास शस्त्रक्रियांचा असा हिशेब ठेवला. जोखीम लक्षात घेऊन काढलेला मृत्युदर त्या वर्षी ४.१७ टक्के होता. १९९२ मध्ये तो २.४५ टक्के झाला.

आकडे लहान असले की मात्र ते फसवतात. हे गणित वर्गात करून पाहावे. एक सर्जन वर्षात ५० शस्त्रक्रिया करतो आणि प्रत्येक रुग्णाला मृत्यूचा धोका २ टक्के आहे. म्हणजे सरासरीने एक मृत्यू अपेक्षित. एकही मृत्यू न होण्याची संभाव्यता ०.९८ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे ०.३६, नेमका एक मृत्यू होण्याची सुमारे ०.३७. उरले ०.२६ च्या आसपास. म्हणजे कौशल्य तसूभरही न बदलता, चारांतल्या एका वर्षी या सर्जनच्या नावावर दोन किंवा अधिक मृत्यू लागतील! एका वर्षाच्या आकड्यावरून कुणाला वाईट ठरवणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

आता मूळ प्रश्न. जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सर्जनचा अनुभव व रुग्णालयाचा अनुभव यांचा परिणाम वेगळा करून पाहिला. महाधमनीची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णालयाचा वाटणारा सगळा परिणाम सर्जनच्या अनुभवातून आलेला दिसला. बायपासमध्ये मात्र जवळपास निम्माच. मग उरलेला निम्मा कुठला?

याचा एक धागा पेनसिल्व्हेनिया राज्यात सापडतो. तिथले काही सर्जन एकापेक्षा अधिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करत. माणूस तोच, हातही तेच. रॉबर्ट हकमन व गॅरी पिसानो यांनी २००६ मध्ये दाखवले, की एका रुग्णालयात केलेल्या शस्त्रक्रियांनी सर्जनचे त्याच रुग्णालयातले निकाल सुधारतात. दुसरीकडच्या निकालांत तशी सुधारणा दिसत नाही. भूल देणारे, हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारे, परिचारिका, अतिदक्षता विभाग यांची परस्परांना झालेली सवय हा यामागचा संभाव्य दुवा आहे. हात एकट्याचा बसत नाही, चमूचाही बसतो.

चमू जमला नाही तर काय होते, हे इंग्लंडमधील ब्रिस्टलने दाखवले. तेथील बालहृदय शस्त्रक्रियांच्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात, इतर केंद्रांच्या तुलनेत एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अधिक दगावली होती. डॉक्टर निष्काळजी वृत्तीचे नव्हते, असे अहवाल सांगतो. परस्परांतील संवाद आणि एकत्रित काम कमी पडले, आणि निकालांवर पद्धतशीर देखरेख कुणाचीच नव्हती.

म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी 'सर्जन कोण?' एवढेच विचारून थांबू नये. 'ही शस्त्रक्रिया इथे, याच चमूकडून, वर्षाला किती वेळा होते? निकालांची नोंद ठेवता का?' हेही विचारावे. सवड असलेल्या शस्त्रक्रियेसाठी थोडा लांबचा प्रवासही परवडतो. हृदयविकाराचा झटका आला असताना मात्र प्रत्येक मिनिट मोलाचे असते. तेव्हा उपचार देऊ शकणारे जवळचे रुग्णालय गाठणेच शहाणपणाचे.