गारठ्यात अडलेली पिकअप

सकाळचे साडेसहा वाजलेत. निफाड तालुक्यातल्या एका मळ्यात लाल कांद्याने भरलेली पिकअप उभी आहे. तिला लासलगावच्या लिलावाला पोचायचंय आणि ती सुरूच होत नाही. चावी फिरवली की बॉनेटखाली एकदाच ‘टक्’ वाजतं, पुढे काही नाही. शेजारच्या द्राक्षबागेत घड थंडीने जाऊ नयेत म्हणून रात्री पेटवलेल्या शेकोट्या अजून धुमसताहेत. जवळच कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र. थंडीच्या बातम्यांत निफाडचा पारा म्हणून जो आकडा येतो, तो तिथलाच.

“मागच्या महिन्यात बॅटरी नवी टाकली, तरी रोज सकाळी हेच,” गाडीवाला वैतागून सांगतोय. “दुपारी मात्र एका सेल्फात चालू होते.”

मिस्त्री मफलर सोडत नाहीत, पण कान देऊन ऐकतात. मग पिशवीतून मल्टिमीटर काढतात. बॅटरीवर १२.५ व्होल्ट.

“हेडलाइट लाव. आता सेल्फ मार.”

टक्. दिवे जवळजवळ तसेच लख्ख.

“बॅटरी बसलेली असती तर दिवे पार मलूल झाले असते. बॅटरीत जोर आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये.”

आता ते मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल तार थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवतात. पुन्हा सेल्फ. आकडा ३.४ वर जातो. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. म्हणजे इंजिनाकडून बॅटरीकडे परतीच्या वाटेतच साडेतीन व्होल्ट खर्ची पडताहेत.

मला उलगडतं ते दुपारचं कोडं. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला सेल्फला जास्त करंट लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. २०० अँपिअर ओढताना एखाद्या जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी दोन व्होल्ट तिथेच संपतात. दिव्यांना मोजकेच अँपिअर पुरतात, शिवाय त्यांची अर्थिंग बॉडीला, त्यामुळे त्यांना या अडथळ्याचा पत्ताच लागत नाही. इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी सोडून नुसतं ओहमवर तपासलं असतं, तर चार-दोन शाबूत तारांच्या जोरावर मीटरनेही ती चांगलीच दाखवली असती. दोष जुनाच आहे. गारठा फक्त तो उघडा पाडतो. म्हणून आधी मोजावं, मग पैसे खर्चावेत, हा मिस्त्रींचा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

खात्री करायला ते जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या ब्रॅकेटला चिमटवतात. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायला लावतात. सेल्फ. इंजिन घरघरतं आणि धरतं.

“बंद कर. असं नाही पाठवायचं.”

आधी बॅटरीचं निगेटिव्ह सुटतं. मग मिस्त्री गाडीखाली सरकतात आणि इंजिन ते चासी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी काढून बाहेर येतात. एका टोकाशी निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, बोल्टखाली चिखल आणि हिरवट थर. बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून ते नवी पट्टी आवळतात, वरून पेट्रोलियम जेली लावतात. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

या खेपेला पहिल्याच सेल्फला गाडी उठते. मिस्त्री लगेच हात पुसत नाहीत. चालू गाडीवर १४.२; दिवे आणि ब्लोअर लावून १३.९. अल्टरनेटर ठीक आहे.

“जुनी बॅटरी कुठाय?”

“दुकानदाराला दिली, नवीच्या बदल्यात.”

“ती चांगली होती का, हे आता कळायचं नाही. नवीचं वॉरंटी कार्ड तेवढं जपून ठेव. आणि नीघ आता, लिलावाला उशीर होईल.”