बाळाचा ‘ट’, बंगळूरचं टाइमटेबल आणि फिजीची पुस्तकं

कॅनडातल्या सात महिन्यांच्या इंग्रजीभाषक बाळाला आपले ‘ट’ आणि ‘त’ वेगवेगळे ऐकू येतात. त्याच्या आईला बहुतेक वेळा येत नाहीत! जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हे प्रयोगाने दाखवलं. बाळाला हिंदीतला एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा. मधेच आवाज बदलला आणि बाळाने मान वळवली, की समोर एक खेळणं उजळून हलायला लागे. सहा ते आठ महिन्यांची बाळं अचूक मान वळवत. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना हा फरक कळला. त्याच वयाच्या हिंदी घरातल्या बाळांना मात्र तो व्यवस्थित कळत होता. म्हणजे वर्षाचं होईपर्यंत मूल आपल्या घराच्या भाषेसाठी कान पक्के करतं आणि घरात नसलेले फरक सोडून देतं.

मग लवकर मोबाइलवर परकी भाषा लावून ठेवावी का? थांबा. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली सिएटलमधल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांनी पुस्तकं वाचून दाखवली. अशी १२ सत्रं झाली आणि ती बाळं मँडरिनचे आवाज तैवानमधल्या बाळांइतके चोख ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तसंच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. बाळासाठी भाषेच्या ॲपची वर्गणी भरणाऱ्या आईबाबांनी हा निकाल एकदा तरी वाचावा.

मोठ्यांचेही कान उघडता येतात

जपानी माणसाला इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे काढणं फार अवघड जातं. १९९१ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी जपानी प्रौढांना हे शिकवलं. त्यांची युक्ती साधी होती: एकाच शिक्षकाचा आवाज ऐकवायचा नाही, वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात वेगवेगळे शब्द ऐकवायचे आणि प्रत्येक उत्तर चूक की बरोबर ते लगेच सांगायचं. कान सुधारले. पुण्या-मुंबईत मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषकांना ‘ळ’ आणि ‘ण’ शिकवताना हेच करता येईल. वर्गात एकट्या बाईंचा ‘ळ’ नको. आजीबाईंचा, रिक्षावाल्याचा, शेजारच्या मुलीचा, आकाशवाणीच्या निवेदकाचा, सगळ्यांचा ‘ळ’ कानावर पडू द्या.

लहान मुलं पटकन शिकतात?

हा समज इतका घट्ट आहे की तो तपासावा असं कुणाला वाटतच नाही. कॅथरिन स्नो आणि मारियान हूफ्नागल-ह्यूले यांनी तो तपासला. नेदरलँड्समध्ये राहायला आलेले इंग्रजीभाषक डच कशी शिकतात, हे त्यांनी पाहिलं आणि १९७८ साली मांडलं. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती १२ ते १५ वर्षांची मुलं. प्रौढही मागे नव्हते. सगळ्यात कमी गुण मिळाले तीन ते पाच वर्षांच्या चिमुरड्यांना! धाकट्यांचा फायदा लांब पल्ल्यात दिसतो, पहिल्या वर्षात नाही. २०१८ साली जोशुआ हार्टशोर्न, जोशुआ टेनेनबॉम आणि स्टीव्हन पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या ऑनलाइन उत्तरांवरून असा निष्कर्ष काढला, की व्याकरण आत्मसात करण्याची ताकद साधारण सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत टिकून असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली; त्याआधी ती पाचवीपासून असे. पाचवीत सुरुवात केलेल्यांचं काही कायमचं हुकलं, असं हे संशोधन म्हणत नाही. कोणत्या इयत्तेत सुरू केलं यापेक्षा तासाला काय चालतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

विसरायच्या आत विचारा

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ केले आणि किती वेळात किती विसरलो ते मोजलं. १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. विसरण्याची घसरण पहिल्या काही तासांतच सर्वांत मोठी असते, हे त्याने दाखवलं. पॉल पिम्सलर यांनी १९६७ साली त्यावर वेळापत्रकच बसवलं: नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा विचारा, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी आणि शेवटी २ वर्षांनी.

‘विचारा’ हा यातला कळीचा भाग. २००८ साली जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. शब्द एकदा आला की काहींनी तो पुन्हा वाचला, पण त्यावर पुन्हा परीक्षा दिली नाही. काहींनी तो पुन्हा वाचला नाही, पण स्वतःला विचारत राहिले. आठवड्याने विचारत राहणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसतं वाचणाऱ्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. वहीत शब्द दहादा लिहून आणायला सांगण्यापेक्षा वही मिटून एकदा विचारलेलं बरं. यासाठी लागतात जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची कार्डं आणि चपलांचा एक खोका. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली अशाच कप्प्यांच्या खोक्याची रीत लोकप्रिय केली. शब्द आला तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, अडखळला तर पहिल्या कप्प्यात परत येतं.

एक सेकंद फार कमी आहे

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. हे तर मुलांच्या रोजच्या भाषेतले तास होते. परक्या भाषेत मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा, मग उत्तर शोधायचं आणि मग ते शब्दांत मांडायचं असतं. गप्प मूल ‘ढ’ आहे असं ठरवण्याआधी मनात तीन आकडे मोजा. याला पैसे लागत नाहीत, प्रशिक्षणाचं शिबिरही लागत नाही.

रेल्वेचं टाइमटेबल हेच पाठ्यपुस्तक

भाषा शिकवण्याबद्दलच्या जागतिक चर्चेत भारतातून गेलेली सर्वांत मोठी कल्पना कोणती, असं विचारलं तर मी एन. एस. प्रभूंचं नाव घेईन. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांत त्यांनी एक धाडस केलं. इंग्रजीच्या तासातून व्याकरणाचा अभ्यासक्रमच काढून टाकला! त्याजागी दिली कामं. हे रेल्वेचं वेळापत्रक. अमुक वाजता तिथे पोचायचं तर कोणती गाडी धरावी? हा नकाशा, जवळचा रस्ता कोणता? एक काम आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर, प्रश्न विचारत, मोठ्याने सोडवत. मग तशाच धर्तीचं दुसरं काम मुलांनी एकट्याने करायचं. गुण मिळत ते उत्तर बरोबर आलं म्हणून. वाक्य मोडकं असलं तरी चालत असे.

प्रभूंचं म्हणणं असं, की मुलाचं डोकं अर्थ लावण्यात गुंतलं की व्याकरण त्याच्या नकळत बसत जातं. ॲलन डेव्हिस आणि ॲलन बेरेटा यांनी नंतर या वर्गांची नेहमीच्या वर्गांशी तुलना केली आणि सावधपणे का होईना, प्रकल्पाच्या बाजूने कौल दिला. आज जगभर ‘टास्क-बेस्ड’ म्हणून जी पद्धत शिकवली जाते, तिच्या आरंभीच्या उदाहरणांत या वर्गांचं नाव असतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की या वर्गांत प्रोजेक्टर नव्हते, गोऱ्या मास्तरांचीही गरज नव्हती. फळा, खडू आणि सोडवावासा वाटणारा प्रश्न एवढं पुरलं. एसटीचं वेळापत्रक, किराणा दुकानाची यादी, वर्तमानपत्रातलं हवामान हे सगळं आपल्या हाताशी आहे.

याच प्रभूंनी १९९० साली एक गाजलेला लेख लिहिला. सर्वांत उत्तम अशी एकच पद्धत नसते, असं त्यांनी त्यात मांडलं. स्वतः एवढी मोठी पद्धत उभी केलेल्या माणसाने हे लिहावं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

‘मी आंबा खाल्लो’

मराठी शिकणारा म्हणतो, “मी आंबा खाल्लो.” बाई म्हणतात, “अरे वा, तू आंबा खाल्लास!” बाईंना वाटतं चूक सुधारली, विद्यार्थ्याला वाटतं शाबासकी मिळाली. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ साली माँट्रियल परिसरातल्या फ्रेंच वर्गांत नेमकं हेच टिपलं. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा चुकीचं वाक्य आपणच बरोबर करून म्हणत, आणि मुलांना आपली चूक दुरुस्त करायला लावण्यात हीच रीत सर्वांत कमी पडत होती. त्यापेक्षा “मी आंबा...?” एवढं म्हणून थांबा. उरलेलं त्याला भरू द्या.

कॅनडातल्याच अशा वर्गांबद्दल मेरिल स्वेन यांनी १९८५ साली लिहिलं, की वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेली मुलं ऐकण्या-वाचण्यात फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचतात, बोलण्या-लिहिण्यात मात्र मागे राहतात. नुसतं ऐकून भागत नाही. तोंड उघडायला लावावं लागतं.

झटपट चार गोष्टी

एडिंबरामध्ये २०१४ साली ६० प्रौढांना हंगेरियन वाक्यं शिकवली. ती गाऊन म्हणणारा गट नुसतं बोलणाऱ्यांपेक्षा सरस ठरला.

इंग्रजी सिनेमा इंग्रजी सबटायटलसह पाहिल्यावर डच प्रेक्षकांना अनोळखी स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चार जास्त चांगले कळू लागले, डच सबटायटलने उलट अडथळा झाला. हा २००९ सालचा प्रयोग.

डच शिकलेल्या जर्मन विद्यार्थ्यांना २०१७ साली थोडी दारू देऊन बोलायला लावलं तर परीक्षकांना त्यांचे उच्चार जास्त चांगले वाटले. संशोधकांच्या मते यामागे भीती कमी होणं असू शकेल. वर्गात भीती घालवायला हसरा शिक्षक पुरतो.

अमेरिकी परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशसाठी सुमारे ३० आठवडे देते, हिंदीसाठी ४४, जपानीसाठी ८८. तेही पूर्णवेळ. महिन्याभरात फाडफाड इंग्रजीच्या जाहिराती या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

भाषांतर इतकं वाईट नाही

इंग्रजीच्या तासाला मराठी बोललात तर दंड, असा नियम अनेक शाळांत असतो. तो काढून टाकावा असं माझं ठाम मत आहे. बातिया लौफर आणि नॅनी गिर्साई यांनी २००८ साली इस्रायलमधल्या हिब्रूभाषक मुलांचे तीन गट केले. ज्यांना हिब्रू-इंग्रजी फरक समजावून भाषांतर करायला दिलं, त्यांनी नवे शब्द बाकी दोन्ही गटांपेक्षा कितीतरी जास्त लक्षात ठेवले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना याचं नवल वाटणार नाही.

उलट दिशेचा, म्हणजे परभाषकांना आपली भाषा शिकवण्याचा, वारसाही आपल्याकडे जुना आहे. गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० साली रायतूरला छापलं गेलं. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला निघालं. अगदी जवळच्या काळात फलटणच्या मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पद्धतशीर पाठ्यपुस्तकं तयार केली, आणि मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने आपला जर्मन शिकवण्याचा अनुभव वापरून ‘माय मराठी’ची पुस्तकं घडवली.

अडीचशे पुस्तकं

ढाक्यात काम केलेले मायकेल वेस्ट १९२६ साली बंगालबद्दल लिहिताना विम्याच्या भाषेत बोलले. भाषाशिक्षणाला ‘सरेंडर व्हॅल्यू’ असली पाहिजे. मूल मधेच शाळा सोडून गेलं तरी हातात काहीतरी पडलं पाहिजे. त्यांच्या मते ते ‘काहीतरी’ म्हणजे वाचता येणं.

वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८०च्या सुमारास फिजीतल्या खेड्यांतल्या शाळांत हे करून पाहिलं. चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची २५० चित्रमय पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षक वाचून दाखवत आणि गप्पा मारत, काहींत मुलं शांतपणे स्वतः वाचत. इतर वर्गांत नेहमीचा वाक्यरचनांचा सराव चालू राहिला. आठ महिन्यांनी पुस्तकवाल्या मुलांची वाचनात आणि ऐकून समजण्यात दुप्पट वेगाने प्रगती झालेली दिसली. दुसऱ्या वर्षी ती आघाडी लेखनात आणि व्याकरणातही पोचली, तेही व्याकरणाचा वेगळा सराव न करता!

आपल्या गावच्या शाळेला देणगी द्यायची असेल, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवून वर्गणी गोळा होणार असेल, तर मुख्याध्यापकांना आधी विचारा की वर्गात, कुलपाबाहेर, मुलांच्या हाताला लागतील अशी गोष्टींची पुस्तकं किती आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी दोन्हींतल्या गोष्टी फुकट उतरवून छापता येतात, नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त मिळतात. मोठा टीव्ही पुढच्या वर्षी घेता येईल. या वर्षी पुस्तकं द्या.