सिंगापूर बंदरातील जपानी हेरगिरीचा संशय आणि ब्रिटिश पाळत (१९१५–१९४२)

या पाठात आपण एक प्रश्न घेऊ: हेर ओळखायचा कसा, आणि संशय पुराव्याची जागा घेऊ लागला की काय होते?

पार्श्वभूमी
१५ फेब्रुवारी १९१५ रोजी सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केले. ते मोडण्यासाठी ब्रिटिशांना जपानी नौसैनिकांची मदत झाली, कारण १९०२ च्या करारामुळे जपान तेव्हा मित्रराष्ट्र होते. या बंडानंतर राजकीय गुप्तवार्तेसाठी स्वतंत्र पोलीस यंत्रणा उभी राहिली. तीच पुढे 'स्पेशल ब्रँच' झाली. १९२३ मध्ये करार संपला आणि त्याच सुमारास ब्रिटनने सिंगापुरात मोठा नौदल तळ उभारायचे ठरवले होते. कालचा मित्र आता संशयित ठरला.

पाळत कशावर?
मिडल रोडच्या परिसरात जपानी दंतवैद्य, छायाचित्रकार व दुकानदार होते. जोहोर आणि तेरेंगानूत जपानी कंपन्यांच्या लोहखनिजाच्या खाणी होत्या. किनाऱ्यालगत जपानी मच्छीमार बोटी फिरत. येथे खरी अडचण लक्षात घ्या: छायाचित्र काढणे हा छायाचित्रकाराचा धंदाच आहे आणि किनाऱ्याची खोली मच्छीमाराला माहीत असावीच लागते. त्यामुळे धंदा आणि हेरगिरी यांतील रेषा बाहेरून दिसत नसे. शिवाय जपानी भाषा जाणणारे अधिकारी थोडे होते आणि जपानला डिवचू नये, असे लंडनचे धोरण होते.

दोन उदाहरणे
१. *हेरगिरी:* जपानी वकिलातीतील मामोरू शिनोझाकी यांना १९४० मध्ये अटक झाली. ब्रिटिश सैनिकाकडून लष्करी माहिती मिळवल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. येथे आरोप न्यायालयात सिद्ध करावा लागला.
२. *प्रभाव:* मलाय राष्ट्रवादी इब्राहिम याकूब यांनी १९४१ मध्ये 'वार्ता मलाया' हे वृत्तपत्र जपानी पैशातून घेतले. वृत्तपत्र चालवणे हा गुन्हा नव्हता. प्रश्न पैसा कोणाचा, हा होता.

परिणाम
डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध सुरू होताच मलायातील जपानी नागरिकांना सरसकट स्थानबद्ध केले गेले. त्यांतील अनेकांना भारतात आणून दिल्लीच्या पुराना किल्ल्यात व नंतर राजस्थानातील देवळी येथे ठेवले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. त्यांच्यावर कोणताही वैयक्तिक आरोप सिद्ध झालेला नव्हता. दुसरीकडे, जपानचे मेजर फुजिवारा बँकॉकमधून हिंदी स्वातंत्र्यवाद्यांशी संधान बांधत होते. त्यातूनच आझाद हिंद सेनेची सुरुवात झाली. म्हणजे पाळत दंतवैद्यांवर होती, पण खरी फळी वसाहतीतल्या असंतोषात तयार झाली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, बंडाच्या बरोबर २७ वर्षांनी, सिंगापूर पडले.

सारांश
पाळतीतून माहिती मिळते, पण लोकांची निष्ठा मिळत नाही. गुप्त पोलिसांचे अहवाल वाचताना तुम्ही नेहमी विचारा: यात पाहिलेले किती आणि गृहीत धरलेले किती?

स्वाध्याय
१. शिनोझाकी आणि देवळीतील स्थानबद्ध यांना मिळालेल्या वागणुकीत कोणता फरक दिसतो?
२. 'प्रभाव' आणि 'हेरगिरी' यांतील भेद उदाहरणाने स्पष्ट करा.