लसणाचे तेल

लसणाचे तेल : लसणातील गंधकयुक्त द्रव्ये ज्यात उतरली आहेत असे तेल. लसूण ही ॲमॅरिलिडेसी कुलातील ॲलियम सॅटिव्हम या शास्त्रीय नावाची वनस्पती असून कांदा तिच्याच प्रजातीतील होय. व्यवहारात लसणाचे तेल या एकाच नावाखाली तीन भिन्न पदार्थ येतात : (१) कुटलेल्या लसणाच्या ऊर्ध्वपातनाने (वाफेबरोबर द्रव्य उडवून व थंड करून वेगळे काढण्याच्या क्रियेने) मिळणारे बाष्पनशील तेल, (२) ठेचलेला लसूण खाद्य तेलात न तापविता मुरवून केलेले तेल आणि (३) पाकळ्या घालून कडविलेले घरगुती तेल. या तिन्हींचे घटक, उपयोग व धोके वेगळे असल्यामुळे एकाविषयी काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

रायगड किनाऱ्यावरील उपयोग : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी भागांत नारळाच्या वाड्या असल्याने घरगुती तेलासाठी खोबरेल वापरण्याची रीत आहे. त्यात लसूण व ओवा कडवून ते तेल तान्ह्या मुलांच्या व बाळंतिणीच्या अंगाला, सर्दीत छातीला आणि दुखऱ्या सांध्यांना चोळतात. कान दुखल्यास त्याचे थेंब घालण्याचाही प्रघात आहे. कोळी व आगरी स्वयंपाकात माशांच्या कालवणाला ठेचलेल्या लसणाची फोडणी देतात. लसणाच्या पिकास थंड व गड्डे पोसताना कोरडे हवामान मानवते. त्यामुळे किनाऱ्यावर लागणारा लसूण मुख्यतः घाटावरून व उत्तरेकडून येतो. अलिबाग तालुक्यात पिकणारा पांढरा कांदा मात्र स्थानिक असून २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो चवीला गोडसर व कमी तिखट असतो. कांदा व लसूण या दोहोंचा तिखटपणा गंधकयुक्त द्रव्यांवरच अवलंबून असतो.

रासायनिक घटक : अखंड पाकळीत ॲलिइन हे वासरहित द्रव्य असते. पाकळी ठेचली की ॲलिनेज या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रियेस चालना देणाऱ्या प्रथिनाच्या) योगाने त्यापासून उग्र वासाचे ॲलिसीन बनते. ॲलिसीन १९४४ मध्ये अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो व जॉन बेली यांनी वेगळे केले. ते अस्थिर असल्याने तेलात फारसे टिकत नाही. ऊर्ध्वपातित तेलात प्रामुख्याने डायॲलिल डायसल्फाइड व ट्रायसल्फाइड ही द्रव्ये असतात. मुरविलेल्या तेलात अजोइन व व्हिनिलडायथाइने तयार होतात. अखंड पाकळ्या कढत तेलात टाकल्यास उष्णतेने ॲलिनेज निकामी होते व ॲलिसीन बनण्याची क्रियाच खुंटते. म्हणून कडविलेल्या तेलात या द्रव्यांचे प्रमाण अल्प राहते आणि त्याच्या मर्दनाने वाटणाऱ्या आरामात चोळण्याचा व उबेचा वाटा मोठा असणे संभवते.

औषधी गुण : आयुर्वेदात लसणाला रसोन म्हणतात. सहा रसांपैकी आम्ल रस त्यात उणा आहे, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. काश्यपसंहितेत लशुनकल्प हे स्वतंत्र प्रकरण आहे. आधुनिक काळात उदयपूर येथील अरुण बोर्डिया यांनी हृद्‌रोग्यांना बाष्पनशील तेल दीर्घकाळ देऊन रक्तातील कोलेस्टेरॉल घटल्याचे १९८१ मध्ये नोंदविले. जर्मनीत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत मात्र २५ रुग्णांना ऊर्ध्वपातित तेल बारा आठवडे दिले असता कोलेस्टेरॉलवर काहीही परिणाम दिसला नाही. रक्तदाब काही अंशी उतरल्याचे जे निष्कर्ष आहेत, ते बहुतांशी लसणाची भुकटी व मुरविलेला अर्क यांच्या चाचण्यांतून आलेले आहेत. प्रयोगशाळेत या द्रव्यांनी जंतू व कवके यांची वाढ रोखलेली आढळते; परंतु तेवढ्यावरून तेल हे जंतुजन्य रोगावरील उपचार ठरत नाही.

दुष्परिणाम : तोंडाला व घामाला वास येणे, छातीत जळजळ, मळमळ व जुलाब हे सामान्य त्रास होत. लसणातील द्रव्यांमुळे, विशेषतः अजोइनामुळे, बिंबाणू (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशिका) एकत्र येण्यास अडथळा होतो. त्यामुळे वॉरफरिन किंवा ॲस्पिरीन घेणाऱ्यांनी अशा तेलाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत व शस्त्रक्रियेपूर्वी किमान एक आठवडा त्या थांबवाव्यात. कच्चा लसूण ठेचून त्वचेवर बांधल्यास भाजल्यासारखे फोड येतात. तान्ह्या मुलांची नाजूक त्वचा तर लवकर पोळते. कान वाहत असल्यास किंवा कानाचा पडदा फाटला असल्यास त्यात कोणतेही तेल घालणे अपायकारक असते.

साठवण : सर्वांत गंभीर धोका खाण्यासाठी घरी मुरवून ठेवलेल्या तेलाचा असतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या मातीतील जंतूची बीजुके लसणावर असू शकतात व ती उकळण्याच्या तापमानालाही तग धरतात. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसणात आम्लता कमी असते. अशा स्थितीत उबदार जागी जंतू वाढून प्राणघातक विष निर्माण करतात. तेलाचा वास किंवा चव बदलेलच असे नाही. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९८५ मध्ये अशा लसणामुळे एकाच उपाहारगृहातील ३६ जणांना विषबाधा झाली. एक वस्तू दोन दिसणे, गिळता न येणे, बोलणे अस्पष्ट होणे व स्नायू लुळे पडणे ही तिची लक्षणे असून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. रायगड किनाऱ्याची हवा वर्षभर उबदार असल्याने तेथे हे तेल फडताळात ठेवणे विशेष धोक्याचे होय. ताजी फोडणी लगेच खाण्यात हा धोका नाही; मुरविलेले तेल मात्र शीतकपाटात ठेवून दोन ते चार दिवसांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे.