किनारा समोर, पण पाणी डोक्यावरून

तळेऱ्याहून तासा-दीड तासात मालवणचा किनारा गाठता येतो. तिथे ओहोटीला पाण्यात चालत गेलायत कधी? आधी पाणी कमरेला, आणि पुढे गेलं की अचानक घोट्याला. म्हणजे पायाखाली वाळूचा बांध आला. आता हेच उलट्या बाजूने, जहाजातून बघा.

सैन्य उतरवणाऱ्या जहाजाचं बूड सपाट असतं. ते मुद्दाम वाळूवर चढवतात. पुढचा दरवाजा उघडतो, रॅम्प खाली जातो, जवान उतरतात. मागे आधीच नांगर टाकलेला असतो, परतताना त्याचाच दोर ओढून जहाज मागे घेतात.

डिसेंबर 1971. पाकिस्तानी सैनिक ब्रह्मदेशात निसटू नयेत म्हणून कॉक्स बाजारजवळ गोरखा जवान उतरवायचे ठरलं. नाव ‘ऑपरेशन बीव्हर’. जहाजं होती आपल्या नौदलाची ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’. 14 तारखेला जहाज वाळूला टेकलं, पण तो किनारा नव्हता, अलीकडचा बांध होता! मधे खोल पाणी. अंगावर शस्त्रं, सामान. समोरून एक गोळी न येताही काही जवान बुडाले. बाकीच्यांना नंतर स्थानिक होड्यांनी किनाऱ्यावर नेलं. 16 तारखेला तर ढाक्यात शरणागतीच झाली.

नकाशावरचा किनारा हलत नाही, पण खरी वाळू दर पावसाळ्यात सरकते. आपल्या कुठल्याही रापणकाराला विचारा. म्हणून सैन्य उतरवण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन पाणी मोजायलाच हवं.