ग्रामीण महिला संघटन, आरोग्य आणि छत्रसंस्थेची भूमिका : वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

ग्रामीण भागात स्त्रियांसाठी कार्य करणाऱ्या संस्थांचा विचार दोन पातळ्यांवर करावा लागतो. पहिल्या पातळीवर गावातील महिला मंडळ, बचत गट, दारूबंदी समिती अशी दहा-वीस स्त्रियांची लहान संघटने असतात. दुसऱ्या पातळीवर या संघटनांना एकत्र आणून प्रशिक्षण, निधी, हिशेब व तज्ज्ञांचे साहाय्य पुरविणारी मोठी संस्था असते. सहकार क्षेत्रात अशा संस्थेस 'शिखर संस्था' म्हणण्याचा प्रघात आहे. स्वयंसेवी क्षेत्रात तिला 'छत्रसंस्था' म्हणता येईल. लहान संघटनेस तिची गरज का भासते, हे समजणे कठीण नाही. संस्थेची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचे हिशेब, वार्षिक लेखापरीक्षण, प्राप्तिकर कायद्याखालील प्रमाणपत्रे आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी २०२१ पासून आवश्यक झालेली स्वतंत्र नोंदणी, हा सर्व भार कापूस वेचून सायंकाळी सभेस येणाऱ्या स्त्रियांनी पेलावा, अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे. तो भार मोठी संस्था उचलते. परंतु भार उचलताना ती निर्णयाचा अधिकारही उचलून नेते काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे याच प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

सेवाग्राम : ज्वारीची वर्गणी

वर्धा जिल्ह्यात या विषयाचा आरंभ सेवाग्रामपासून करणे क्रमप्राप्त आहे. कस्तुरबांच्या निधनानंतर डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्राम येथे स्त्रिया व बालकांसाठी लहानसे रुग्णालय सुरू केले. पुढे १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटीची स्थापना झाली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. ग्रामीण भागात स्थापन झालेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय. येथे प्रत्येक वर्षी प्रवेश घेणारे विद्यार्थी एक गाव दत्तक घेतात व तेथे शिबिरात राहून कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करतात. खर्चाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. निम्मा वाटा केंद्र शासनाचा, एक चतुर्थांश राज्य शासनाचा व उर्वरित एक चतुर्थांश सोसायटीचा, अशी ती विभागणी आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग रुग्णालयाच्या इमारतीबाहेर झाला. १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसरातील गावांत आरोग्य विम्याची एक योजना रुजविली. तिची वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली जात असे. हंगाम झाल्यावर, म्हणजे घरात धान्य असताना, ती गोळा करावयाची. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यावयाची व भूमिहीन मजुराने अल्पशी ठराविक वर्गणी द्यावयाची. त्या मोबदल्यात अकस्मात उद्भवणाऱ्या आजारासाठी रुग्णालयात मोफत उपचार मिळत. जे उपचार आधी ठरवून करता येतात, त्यांच्या खर्चाचा काही भाग मात्र कुटुंबाने उचलावयाचा असे. योजनेत एकेकट्या कुटुंबाऐवजी बहुसंख्य गावाने सहभागी व्हावे, हा तिचा आग्रह होता.

गोळा झालेल्या ज्वारीच्या मूल्यातून रुग्णालयाचा खर्च भागत नव्हता. तो भागावा अशी अपेक्षाही नव्हती. मग ही वर्गणी कशासाठी? प्रस्तुत लेखकाच्या मते या योजनेचे मर्म येथेच आहे. वर्गणी दिल्यामुळे रुग्णालयात येणारी शेतमजूर स्त्री धर्मार्थ उपचार मागणारी याचक राहत नाही. तिला तक्रार करता येते, हिशेब विचारता येतो. पुढे सोयाबीनचा विस्तार होऊन ज्वारीचा पेरा घटला, व्यवहारही रोखीने होऊ लागले. तथापि देणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो, ही जाणीव धान्याच्या प्रकारावर अवलंबून नव्हती.

प्रकल्पाची मुदत व गावाची समिती

२००३ ते २००८ या काळात संस्थेच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने बालकांच्या जगण्यासाठी लोकांच्या पुढाकारावर आधारित असा एक प्रकल्प आंजी, गौळ व तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील ६७ गावांत राबविला. अमेरिकन शासनाच्या विकास यंत्रणेचा निधी आगा खान फाउंडेशनच्या माध्यमातून त्यास मिळाला होता. गावात महिला बचत गट, किशोरी पंचायत व किसान विकास मंच अशी संघटने बांधावयाची, त्यांच्या प्रतिनिधींची ग्राम समन्वय समिती करावयाची आणि प्रकल्प संपताना गावाच्या आरोग्याचे नियोजन त्या समितीकडे सोपवावयाचे, अशी त्यामागील कल्पना होती.

बाहेरील निधीला अंतिम तारीख असते. गावातील बाळंतपणांना ती नसते. म्हणून या रचनेत सोपविण्याचा विचार आरंभीच केलेला होता, हे विशेष होय. अनेक छत्रसंस्था तो शेवटच्या सहा महिन्यांत करतात. तेव्हा गटाच्या अध्यक्षांना धनादेशावर सही कोठे करावयाची एवढेच ठाऊक असते; अंदाजपत्रक कसे तयार झाले, हे ठाऊक नसते.

शासकीय छत्र : माविम व उमेद

महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी झाली. पुढे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने राबविलेल्या तेजस्विनी कार्यक्रमात महामंडळाने 'लोकसंचालित साधन केंद्र' ही रचना प्रस्थापित केली. गटांच्या वर गाव पातळीवरील समिती आणि त्यावर वीसेक गावांतील साधारणतः दीड-दोनशे गटांचे केंद्र, अशी ती उतरंड आहे. केंद्राची कार्यकारिणी गटांतील स्त्रियांमधून येते व सहयोगिनी, लेखापाल, व्यवस्थापक यांचे वेतन शक्यतो केंद्राने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावे, असा प्रयत्न असतो. हे उत्पन्न गटांकडून मिळणाऱ्या सेवाशुल्कातून व बँक कर्जाशी निगडित कामातून येते. २०११ पासून राज्यात कार्यरत असलेल्या उमेद अभियानात समूह, ग्रामसंघ व प्रभागसंघ अशी समांतर उतरंड आहे. त्यातील अनुभवी स्त्रिया 'वर्धिनी' म्हणून परगावी जाऊन नवे समूह बांधतात.

येथे एक अडचण संभवते, आणि ती गंभीर आहे. केंद्राचे उत्पन्न कर्जव्यवहारावर अवलंबून असेल, तर सहयोगिनीचा वेळ साहजिकच कर्जप्रस्ताव व परतफेड यांत जातो. रक्तक्षयाची तपासणी, किशोरींचा आहार, घरातील मारहाण हे विषय सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटी येतात, आणि तोपर्यंत स्त्रियांना स्वयंपाकाची घाई झालेली असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. बचत गटांचे जाळे इतके विस्तारलेल्या राज्यातील हा आकडा आहे. केवळ संघटन वाढले म्हणून आरोग्य सुधारते, हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागते. सेवाशुल्काचा काही निश्चित अंश आरोग्याच्या कामासाठी राखून ठेवण्याचा ठराव केंद्राची सर्वसाधारण सभा करू शकते. असा ठराव वरून परिपत्रकाने येण्यापेक्षा सभेतून येणे अधिक उचित वाटते.

विदेशी निधी व २०२० ची दुरुस्ती

खाजगी छत्रसंस्थांचे पारंपरिक कार्य म्हणजे मोठ्या देणगीदाराकडून निधी घेणे व तो लहान संस्थांना वाटणे. विदेशी अंशदानाच्या बाबतीत हा मार्ग सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. विदेशी अंशदान विनियमन कायद्यातील दुरुस्तीनुसार एका संस्थेस मिळालेले विदेशी अंशदान दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे हस्तांतरित करता येत नाही. त्यापूर्वी ते नोंदणीकृत संस्थेस देता येत असे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली. शिवाय विदेशी अंशदान स्वीकारण्यासाठी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते उघडणे बंधनकारक झाले. निधीच्या गैरवापरास आळा घालणे हा शासनाचा हेतू सांगितला गेला व तो अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु समुद्रपूर वा कारंजा तालुक्यातील एखाद्या महिला मंडळास अशी नोंदणी मिळवून दिल्लीतील शाखेत खाते चालविणे कितपत शक्य आहे, याचा विचार या दुरुस्तीत दिसत नाही.

या बदलानंतर विदेशी निधीवर चालणाऱ्या छत्रसंस्थेपुढे मोजके पर्याय उरतात. पहिला, लहान संस्थेचे काम स्वतःच्या नावे, स्वतःच्या कर्मचाऱ्यांमार्फत चालविणे. यात गावातील मंडळ हळूहळू मोठ्या संस्थेची शाखा बनण्याचा धोका आहे. दुसरा, विदेशी पैशाऐवजी देशांतर्गत देणग्या व कंपन्यांचा निधी मिळवून तो पुढे देणे. मात्र कंपन्या बहुधा वर्षभरात मोजता येईल असे काम मागतात. तिसरा, पैसा न देता केवळ लेखापाल, कायदेविषयक सल्ला, प्रशिक्षण व रुग्णालयाशी जोडणी एवढेच पुरविणे. वर्धा जिल्ह्यात, जेथे सेवाग्रामसारखे रुग्णालय हाताशी आहे, तेथे या तिसऱ्या पर्यायास अधिक वाव आहे. मंडळाची स्वतःची वर्गणी मंडळाच्याच पासबुकात राहते व छत्रसंस्थेचा लेखापाल महिन्यातून एकदा येऊन वह्या तपासून जातो.