पायात धसकट घुसलं? हळदीआधी साबण-पाणी

सोयाबीन कापून झालं की रानात उरतात ती टोकदार धसकटं. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी कुठेही जा, काढणीच्या दिवसांत पायाला कधी धसकट लागतं, कधी विळा. मग जागेवर माती दाबली जाते आणि घरी आल्यावर हळद भरली जाते.

वसमतच्या हळदीवर चालणाऱ्या जिल्ह्यात हे सांगणं जरा अवघड आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती जखमेत साचते, खालची घाण आत अडकते आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. चुना, राख, शेण यांचंही तेच.

रक्त येत असेल तर पाय उंचावर ठेवून स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. सारखं उचलून पाहू नका. रक्त थांबलं की वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा. वरवरचे कण काढा, पण खोल रुतलेलं काही घरी उपसू नका. कोरडी पट्टी बांधा. ती रोज आणि भिजली की लगेच बदला.

धसकटाची जखम दिसायला लहान असते, हाच तिचा धोका. टोक आत मोडून राहिलं, तर वरून कातडी जुळते आणि आत पू धरतो. चार-पाच दिवसांनी ठणका वाढला, तर हीच शंका घ्या.

राहिला धनुर्वात. ‘लोखंड लागलं नाही, मग इंजेक्शन कशाला?’ असं अनेक जण विचारतात. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात, आणि हवा न पोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेत वाढतात. मळलेली जखम असेल आणि आधीच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, किंवा डोस आठवतच नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी लस मिळते. त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं.

दाबूनही रक्त थांबत नाही, जखमेच्या कडा फाकल्या आहेत, बोटं बधिर झाली आहेत किंवा चार पावलंही टाकता येत नाहीत, तर थांबू नका. लाली पसरणं, वास येणं, पू, ताप, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जबडा आखडला किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर १०८ ला फोन करा.

मधुमेह असलेल्यांनी मात्र या खुणांची वाट पाहू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे काटा रुतला तरी कळत नाही. अशांनी लहान जखमही त्याच दिवशी दाखवावी आणि रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा, नाहीतर नातवाला पाहायला सांगा.